एका शब्दापुरता आवाज

नेरिडा क्रॅडॉक मुलांना जीभ आत वळवायला शिकवायची. सिडनीच्या मॅरिकव्हिल भागात तिच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचा वर्ग. एक बसका सोफा, भिंतीला उभा आरसा, आणि आरशासमोर विशीतलं कोणीतरी 'कार' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत उभं.

"शेवटचा र सोडू नकोस," नेरिडा सांगायची. "आपण तो गिळतो. अमेरिकन माणूस तो चघळतो. चघळ."

मुलगी चघळायची. नीट चघळायला लागली की विमानात बसून लॉस एंजेलिसला जायची. निघताना विमानतळावरून आभाराचा फोन यायचा, तोही अमेरिकन हेलात. फोन ठेवून नेरिडा चहा टाकायची आणि नवऱ्याला म्हणायची, "घे. आणखी एक घालवली."

"मग शिकवतेस कशाला?" केव्ह विचारायचा.

"आपल्या सिनेमात आपल्यासारखं बोलायला कोणी शिकवणी लावतं का?"

केव्ह पेपर उघडून बसायचा. तो शूटिंगचे दिवे लावणारा माणूस. पूर्वी त्याने सगळे आपले, ऑस्ट्रेलियन सिनेमे केले होते. आता आपले सिनेमे वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतके निघत, आणि तेवढ्यासाठीही चांगली माणसं मिळत नसत, कारण ती सगळी अमेरिकन कंपन्यांच्या कामांवर गेलेली असत. केव्हसुद्धा सध्या एका अमेरिकन कंपनीच्या अंतराळातल्या सिनेमावर होता. परग्रह सिडनीत उभा केला होता. रोज संध्याकाळी तो जेवणाची वर्णनं घेऊन घरी यायचा.

"आज कोळंबी होती, नेरी. ही एवढी. आणि बर्फावर मांडलेली."

"आपल्या सिनेमात पावात सॉसेज मिळायचं, ते विसरलास वाटतं?"

"विसरलो नाही. म्हणून तर कोळंबी खातो."

नेरिडाला केव्हच्या कोळंबीचा हेवा वाटे. परदेशी गेलेल्या पोरींचा हेवा वाटे. पण हे सगळे किरकोळ हेवे झाले. तिचा खरा, पोसलेला, आत घर करून बसलेला मत्सर होता तो कोलीन टबबद्दल.

कोलीन आणि ती तरुणपणी एका खोलीत राहायच्या, एकाच नाटक कंपनीत काम करायच्या. कोलीन सिडनीचीच, समुद्राकाठची. नेरिडा आतल्या मुलखातली, मेंढ्या आणि गव्हाच्या गावातली. त्या गावाच्या नावाची एक गंमत आहे. नकाशावरची अक्षरं वाचली तर कोणीही 'कॅनोविंड्रा' म्हणेल. पण गावातला माणूस म्हणतो 'कनाउंड्रा'. मधली अक्षरं लिहायची असतात, बोलायची नसतात. नेरिडाची आई दार उघडून आधी पाहुण्याच्या तोंडून गावाचं नाव ऐकायची. 'कॅनोविंड्रा' म्हणणारा माणूस काहीतरी विकायलाच आलेला असतो, असं तिचं मत होतं, आणि ती दार लावून घ्यायची.

सत्तरच्या दशकात एकाएकी आपले सिनेमे निघायला लागले. सरकारने हात सैल सोडला होता आणि जो तो आता आपले दिवस आले असं म्हणत होता. त्या लाटेत नेरिडाला नायिकेचं काम मिळालं. कोलीनला तिच्याच सिनेमात मोलकरणीचं. सिनेमा चालला. कोणी एक अमेरिकन निर्माता दोघींनाही भेटायला बोलावत होता. नेरिडा गेली नाही. "इथेच आता इतकं काम निघणार आहे," ती म्हणाली. कोलीन गेली.

टब नावाच्या नटीला कोण बघायला येणार, म्हणून तिथे तिची कोरिन टेट झाली. नेरिडाचा सिनेमाही अमेरिकेत पोचला, पण तिथल्या लोकांना आपलं बोलणं कळत नाही असं ठरवून वितरकाने सगळ्यांच्या तोंडी अमेरिकन आवाज घातले. हे नेरिडाला कळलं ते कोरिनच्या फोनवरून.

"नेरी, काल तुला पाहिलं गं पडद्यावर. आवाज इतका गोड आलाय! फक्त तुझा नाहीये."

नंतर लाट ओसरली. नेरिडाला आधी बहिणीची, मग आईची कामं मिळाली, मग जाहिरातीतली आजी आणि मग काहीच नाही. कोरिन तिकडे एका लांबलचक मालिकेत डॉक्टरची आई झाली आणि वर्षानुवर्षं तीच राहिली. नाताळात तिचा फोन यायचा. फोन संपला की नेरिडा केव्हसमोर उभी राहून तिची नक्कल करायची. तोच घोगरा, उन्हात वाळवल्यासारखा आवाज. "डार्लिंग, इथे इतकं छान ऊन आहे ना, की मला घरची आठवणच येत नाही!" केव्ह हसून हसून खुर्चीतून घसरायचा. ही नक्कल घरातला वार्षिक कार्यक्रमच होता, आणि तिच्यात इतकी वर्षं काही चुकलं नव्हतं.

अशात डेमियन आला. पर्थकडचा, चित्रपट शिकून आलेला तरुण. त्याला एका म्हाताऱ्या बाईवर सिनेमा करायचा होता. नवरा गेलेला, शेत विकायला निघालेलं, मुलगा शहरात बोलावतोय आणि बाई गाव सोडत नाही. कोणीतरी त्याला नेरिडाकडे पाठवलं. तो महिनोन्महिने त्या बसक्या सोफ्यावर बसून नेरिडाच्या आईच्या गोष्टी ऐकत राहिला. आई मेंढ्यांना काय म्हणायची, पावात लोणी किती लावायची. नेरिडाने तिला सिडनीत राहायला ये म्हटलं, तेव्हा ती फोनवर काय म्हणाली होती, तेही. आई म्हणाली होती, "मरायचं तर कनाउंड्रातच मरेन, आणि तेही चहा पिऊन."

डेमियनने ते वाक्य जसंच्या तसं घेतलं. सिनेमाचा कळस त्या फोनवरच होता.

"हे काम तूच करायचंस, नेरिडा," तो म्हणाला होता. "दुसरं कोणी करूच शकणार नाही."

नेरिडाने शिकवण्या कमी केल्या. केस रंगवायचे बंद केले. आईचा एक जुना सदरा कपाटातून काढून उन्हात टाकला. केव्हने पाहिलं, पण तो काही बोलला नाही, आणि केव्ह गप्प बसतो तेव्हा त्याला फार आनंद झालेला असतो.

एके दुपारी डेमियन केक घेऊन आला. त्याने आधी कधी केक आणला नव्हता. दारातच नेरिडाला कळलं.

"पैसा देणारे म्हणतात, परदेशात ओळखीचं नाव पाहिजे," तो केककडे बघत म्हणाला. "नाहीतर सिनेमाच होत नाही. मी खूप भांडलो."

"कोण?"

"कोरिन टेट."

नेरिडाने सुरी घेऊन केकचे तुकडे केले. सगळे अगदी सारखे झाले.

"आणि शूटिंग दक्षिण ऑस्ट्रेलियात करावं लागणार," डेमियन म्हणाला. "तिकडचं राज्य सरकार मदत देतंय, पण तिथेच, तिथल्याच माणसांना घेऊन करायचं या अटीवर. गाव मात्र कनाउंड्राच दाखवायचं. आणि एक... कोरिनला आपलं बोलणं येत नाही आता. विसरली. तू शिकवशील का तिला?"

रात्री केव्ह भडकला. "नाही म्हण! सरळ नाही म्हण! तुझी भाकरी काढून घेतली आणि वर तूच तिला भरवायची?"

"जाणार आहे मी."

"का?"

"माझ्या आईचं बोलणं कोणाच्या तोंडी जातंय ते मला समोर बसून बघायचंय."

"ते बघायला नाही जात आहेस तू. ती कशी पडते ते बघायला जात आहेस."

"मग तसं समज," नेरिडा म्हणाली.

दक्षिण ऑस्ट्रेलियात, बर्रा गावाजवळच्या एका उजाड फार्मवर कोरिन भेटली. "नेरी!" म्हणून तिने दोन्ही गालांशेजारच्या हवेचं चुंबन घेतलं. नेरिडाची नजर आधी तिच्या गळ्याकडे गेली. गळ्यावर एक सुरकुती नव्हती. मग तिने हात पाहिले. हात साठीला आलेले होते, तेव्हा जरा बरं वाटलं.

"तू मला शिकवणार!" कोरिन हसली. "आठवतं, पूर्वी तू नायिका आणि मी तुझं ताट आणून ठेवायचे?"

"आठवतं. एकदा माझ्या मांडीवर सांडलं होतंस."

"मुद्दाम सांडलं होतं गं," कोरिन म्हणाली आणि इतकी मोकळी हसली की नेरिडालाही हसावं लागलं. हाच तर त्रास होता. बाई वाईट असती तर सोपं झालं असतं.

शिकवणी सुरू झाली. कोरिन आपलं बोलणं इतकं ओढूनताणून बोलायची की बिअरच्या जाहिरातीतला बुवा वाटायची. नेरिडा तिला आळस शिकवायची. "ओठ हलवू नकोस. तोंड उघडलं तर माशी आत जाईल असं बोल. माझी आई अर्धं वाक्य नाकातच ठेवायची." कोरिन ऐकायची, मान हलवायची, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचं सगळं तिच्या तोंडात बसलेलं असायचं. मेहनती होती. नेरिडा रात्री छावणीतल्या पत्र्याच्या खोलीत पडून तिच्या चुका आठवायचा प्रयत्न करी, आणि रोज त्या कमी आठवत.

एक गोष्ट मात्र झाली. फोनवरचं दृश्य कोरिनने तालमीत घेऊ दिलं नाही. "ते रडणं मला शिल्लक ठेवू दे," ती म्हणाली. आणि गावाचं नाव शिकवायला लागेल, हे नेरिडाच्या मनातच आलं नव्हतं. स्वतःच्या गावाचं नाव कोणाला शिकवावं लागतं का?

त्या दिवशी स्वयंपाकघरात दिवे लावले होते. कोरिनने आईसारखा सदरा घातला होता. कानाला फोन, दुसरा हात ओट्यावर. पलीकडे मुलगा बोलतोय असं धरून ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. डोळे भरले, पण थेंब पडू दिला नाही. मग म्हणाली, "मरायचं तर कॅनोविंड्रातच मरेन, आणि तेही चहा पिऊन."

आवाज नोंदवणारा न्यूझीलंडचा माणूस कानांवरच्या हेडफोनवर हात ठेवून तसाच उभा. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी. त्यांच्यात कनाउंड्राच्या आसपासचं एक माणूस नव्हतं. डेमियनचे डोळे लाल झाले होते. तो नेरिडाकडे वळला. तिने कित्येक महिने सांगितलेलं ते नाव त्याच्या कानाला सवयीचं होतं, पण रडण्याच्या भरात त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

"बोलणं कसं वाटलं? ठीक?"

नेरिडाने ऐकलं होतं. तो शब्द तिच्या कानात खड्यासारखा रुतला होता. 'विकायला आलेली बाई,' आई म्हणाली असती. एक शब्द बोलायची खोटी, दृश्य पुन्हा झालं असतं. कोरिन पुन्हा रडली असती. कदाचित इतकं चांगलं नाही.

"छान," नेरिडा म्हणाली.

सिडनीला परतल्यावर काही आठवडे तिने ते गुपित गोड गोळीसारखं जिभेवर घोळवलं. सिनेमा आधी कनाउंड्राच्या हॉलमध्ये दाखवायचं ठरलं होतं. ती मनात चित्र रंगवायची. हॉल भरलेला, पुढच्या रांगेत आईची बहीण डॉट मावशी, कोरिन भरल्या डोळ्यांनी फोन धरून उभी. आणि तो शब्द येताच सगळा हॉल खो खो हसतोय. बूट आपटून हसतोय. हे चित्र तिने केव्हला सांगितलं तेव्हा त्यालाही खूप हसू आलं.

मग हसता हसता तो थांबला. "पण वाक्य तुझ्या आईचं आहे ना गं?"

नेरिडा कप उचलून आत गेली. त्यानंतर मात्र ते चित्र मनात आलं की हसणारी माणसं दिसायची आणि त्यांच्यासमोर कोरिन नसायची. सदरा घातलेली आई असायची.

तिने डेमियनला फोन केला. "एक शब्द चुकलाय."

कोणता ते तिने सांगितलं. मग तो म्हणाला, "तू तिथेच उभी होतीस."

"होते."

"मी तुला विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

पुढे त्याने काही विचारलं नाही, याबद्दल नेरिडाला तो जन्मभर बरा वाटला. कोरिन तिच्या मालिकेत परतली होती. एका शब्दासाठी तिला माइकसमोर उभं करायचं तर तिच्या एजंटच्या अटी ऐकूनच डेमियनने नाद सोडला. सिनेमा तसाही कर्जाच्या टोकावर उभा होता.

"तू म्हणशील?" त्याने नेरिडाला पुन्हा फोन करून विचारलं. "तिचे ओठ फोनच्या रिसीव्हरआड आहेत. तिचा शब्द लांब आहे, आपल्याला तोकडा पाहिजे. पण दिसणार नाही. फक्त आवाज तिचा वाटला पाहिजे. जमेल?"

केव्ह बाजूलाच उभा होता. तो इतका हसला की डेमियनला फोनमधून ऐकू गेलं.

छोट्या काचेच्या खोलीत नेरिडा माइकसमोर उभी राहिली. पडद्यावर कोरिन पुन्हा पुन्हा फोन धरत होती, पुन्हा पुन्हा डोळे भरत होती. नेरिडाने घशात तो घोगरेपणा आणला. इतकी वर्षं चेष्टेसाठी घासून ठेवलेला आवाज. पहिल्या खेपेला टवाळी ऐकू आली. दुसऱ्या खेपेलाही. "थोडं... कमी दुष्ट," डेमियन काचेपलीकडून म्हणाला.

तिने डोळे मिटले. आईचा फोन आला होता ती संध्याकाळ आठवली. मग आवाज कोरिनचा ठेवला आणि शब्द आईचा. "कनाउंड्रातच."

"झालं," डेमियन म्हणाला.

कनाउंड्राच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. कोरिन आली नव्हती, तिने मोठा पुष्पगुच्छ पाठवला होता. तो मंचावर अगदी मधोमध ठेवला होता. शेवटी नावं आली तेव्हा नेरिडाचं नाव जेवण पुरवणाऱ्यांच्या खाली होतं. पण त्याआधी फोनचं दृश्य आलं आणि हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. डॉट मावशीने रुमाल काढला.

चहाच्या टेबलाशी लॅमिंग्टन केकचा खोबरं लावलेला तुकडा हातात घेऊन खाटकाची बायको नेरिडाला म्हणाली, "शहरातली बाई ना ही? पण 'कनाउंड्रा' काय म्हणाली! आपल्यातलीच वाटली. हे शिकवून नाही येत हो. आतून यावं लागतं."

"हो ना," शाळेची जुनी मुख्याध्यापिका म्हणाली. "इतकी वर्षं अमेरिकेत राहून! आपले काही लोक नुसते सिडनीला गेले तर नाक वर करून बोलायला लागतात." हे बोलताना तिने नेरिडाकडे पाहिलं.

केव्हने तोंड उघडलं. नेरिडाने त्याच्या पावलावर पाय ठेवला.

"सांगू दे ना गं," तो कुजबुजला.

"सांगितलं तर म्हणतील, सूड म्हणून सांगते. आणि ते खरंच असेल."

सिडनीत सिनेमाला एक छोटं थिएटर मिळालं, दुपारच्या खेळापुरतं. बाकी सगळ्या थिएटरांत केव्हचा परग्रह चालला होता. एक आठवडा चालून आपला सिनेमा उतरला. परीक्षकांनी मात्र तो पाहिला होता, कारण वर्षाअखेर कोरिनला देशातला सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला. ती खास विमानाने आली. नेरिडाने तो सोहळा घरीच, बसक्या सोफ्यावर बसून टीव्हीवर पाहिला. कोरिनचा झगा पाहिला, गळा पाहिला. गळा अजून तसाच होता.

"दिवे वाईट लावलेत," केव्ह म्हणाला. बिचारा एवढंच करू शकत होता.

कोरिनने पुरस्कार छातीशी धरला. डोळे भरले, थेंब पडू दिला नाही. आणि साऱ्या देशासमोर त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हा पुरस्कार मी कॅनोविंड्राच्या सगळ्या आयांना देते."

केव्हच्या हातातली बिअर सोफ्यावर सांडली. नेरिडा हलली नाही. दोन मिनिटांत फोन वाजला. डॉट मावशी.

"नेरी, ऐकलंस? काय म्हणाली ही बया? कॅनोविंड्रा! विकायला आलीय काहीतरी?"

"ऐकलं, मावशी."

"तू शिकवली होतीस ना हिला?"

"शिकवली होती. तिकडे गेली की विसरतात."

"हं," मावशी म्हणाली. "खरं सांगू तुला? हॉलमध्ये सगळ्या कौतुक करत होत्या म्हणून बोलले नाही. त्या एका शब्दाला मला तुझी आई बोलल्यासारखी वाटली. फक्त त्या एका शब्दाला. बाकी मला ती बाई काही पटली नाही."

नेरिडाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि केव्हला हाताने टीव्ही बंद करायला सांगितलं.

"मावशी, पुन्हा सांग."

"काय, आईचं?"

"नाही. ते शेवटचं," नेरिडा म्हणाली.